चौथ्या रिळातली हाक

“तू पिक्चर बघितलास तरी का?”

संपादक सरांनी ताजा अंक माझ्यासमोर टाकला. आमचं साप्ताहिक शिरूरहून निघतं. त्या अंकात माझं पहिलं परीक्षण छापून आलं होतं, खाली नावासह. सकाळपासून मी ते नाव चार वेळा वाचलं होतं.

“बघितला सर. दौंडला. बुधवारी, बारा ते तीनच्या शोला.”

“मग मुका माणूस बोलला कसा?”

मला प्रश्नच कळला नाही.

“थिएटरच्या मॅनेजरचा फोन होता. पिक्चरमधला मेंढपाळ पहिल्यापासून शेवटपर्यंत एक शब्द बोलत नाही. मुका दाखवलाय. फक्त घंटा वाजवतो. आणि तू लिहितेस, ‘मेंढपाळाची हाक ऐकून अंगावर काटा येतो.’ लोक बाहेर येऊन मॅनेजरला विचारतायत, हाक कुठं आहे?”

मला ती हाक ऐकू आली होती. अजूनही येत होती.

आधी थोडं सांगायला हवं. तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. कॉलेज सुटलं की मी साप्ताहिकात प्रूफं तपासायचे, म्हणजे छपाईआधी मजकुरातल्या चुका काढायचे. एकदा सर म्हणाले, “लहान मुलांचा एक ॲनिमेशन पिक्चर आलाय. परीक्षण लिही. जमलं तर दिवाळीपासून बालपान तुझ्याकडे.” हे पान मला हवंच होतं. आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, सरळ सांगितलं होतं, “दुसरं वरीस पुरं कर. काय कायमचं काम मिळालं तर पुढचं बघू. न्हाईतर दिवाळीनंतर पाहुणं बघायला येत्याल.”

आमच्याकडे परीक्षण लिहायची एक ठरलेली रीत होती. वितरक, म्हणजे थिएटरला पिक्चर पुरवणारी कंपनी, चार पानी बुकलेट पाठवते. त्यात गोष्ट, फोटो आणि नावं असतात. ते समोर ठेवायचं, गोष्ट थोडक्यात उतरवायची आणि शेवटी ‘सहकुटुंब पाहावा’ असं लिहायचं. पिक्चर बघायला कुणी जात नसे. सरही म्हणाले होते, “दौंडला कशाला जातेस? बुकलेट आहे ना.”

मला न बघता लिहिणं बरोबर वाटेना. उलट बुकलेट आधी वाचलं तर मत स्वच्छ राहणार नाही, असं वाटून मी ते ड्रॉवरमध्येच ठेवलं. त्याच्या दुसऱ्याच ओळीत छापलं होतं, ‘एक मूक मेंढपाळ’.

दुसरंही एक कारण होतं. हा पिक्चर ज्या जुन्या कार्टूनवर काढला होता, ते मी लहानपणी दर रविवारी सकाळी बघितलं होतं. परदेशी कार्टून. प्रत्येक भागात एक कोकरू हरवायचं आणि शेवटी मेंढपाळाला सापडायचं. न्हावऱ्याबाहेर आमची वस्ती आहे. सगळ्या वस्तीत एकच टीव्ही होता, तोही काळा-पांढरा. कार्टूनमधलं बोलणं इंग्रजी. कुणालाच काही कळायचं नाही. मग वडिलांचे चुलते, आमचे आप्पा, म्हणायचे, “त्यो आवाज बंद करा रं. त्येला काय कळतंय मेंढरातलं?”

आप्पांनी अर्धं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात घालवलं होतं. आम्ही शेतीला लागलो तरी त्यांच्या खांद्यावरचं घोंगडं सुटलं नाही. टीव्हीचा आवाज बंद झाला की सगळ्यांच्या मागं बसून ते सगळ्यांचं बोलायचे, कोकराचं, लांडग्याचं, वाऱ्याचंसुद्धा. कोकरू सापडायच्या वेळी मेंढपाळाची हाक यायची. टाळूला जीभ लावून तीनदा टक् टक् टक्, मग लांब ‘हिर्र्र्र’, आणि मग हळू आवाजात, “भुरे, चल गं घरला.” भुरी ही त्यांची स्वतःची मेंढी होती. कधीतरी घाटात धुक्यात हरवली, ती सापडली नाही. कार्टूनमधलं कोकरू मात्र दर रविवारी सापडायचं.

म्हणजे हा मेंढपाळ मुका आहे, हे मला कधी कळलंच नव्हतं. आमच्याकडे तो बोलायचा.

मी दहावीत असताना आप्पा गेले.

दौंडच्या थिएटरला पत्र्याचं छप्पर आहे. बाहेर रणरणतं ऊन होतं. दारं लावून काळे पडदे ओढले तेव्हा डोळ्यांसमोर काहीच राहिलं नाही. पुढच्या रांगांत राहू गावाकडच्या एका शाळेची मुलं होती, बरोबर एक गुरुजी. मी एकटीच मागून दुसऱ्या रांगेत होते. पिक्चर हिंदीत होता. गाणी जास्त होती, लांडगा फारच विनोदी केला होता. मी वहीत तसं लिहिलं.

मध्यंतरानंतर धुक्याचा प्रसंग आला. कोकरू दरीच्या कडेला उभं. मेंढपाळ पलीकडे. सगळं पांढरं.

टक् टक् टक्.

मग ती लांब ‘हिर्र्र्र’.

“भुरे, चल गं घरला.”

पडद्यावरच्या कोकरानं मान वळवली आणि ते चालू लागलं. मी रडत होते. ओल्या घोंगड्याचा वास आला. हाक पडद्याकडून आली नव्हती. डावीकडून, जरा मागून आली होती. मी वळून बघितलं. मागची रांग रिकामी होती. मला भीती वाटली नाही, हे आता विचित्र वाटतं. तेव्हा सगळं नेहमीसारखंच वाटलं होतं.

घरी लिहिताना ‘भुरे, चल गं घरला’ ही ओळ मी लिहिली आणि नंतर खोडली. हिंदी पिक्चरमध्ये भुरी कुठून येणार? तेवढं नाव मी मनानं घातलं असणार, असं ठरवलं. हाक मात्र ठेवली.

“शनिवारी आपण दोघं जाऊ,” सर म्हणाले. “हाक निघाली तर मॅनेजरशी मी बोलतो. नाही निघाली तर तुला बालपान देता येणार नाही. न बघता लिहिलेलं चालतं एक वेळ. खोटं लिहिलेलं नाही.”

शनिवारी एस.टी.नं निघालो. आमच्या न्हावऱ्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा घरचं कुणी दिसायला नको म्हणून मी खिडकीतून बाहेर बघितलं नाही.

धुक्याचा प्रसंग आला. मी वही मिटून ठेवली. मेंढपाळानं हात वर केला. टण्… टण्… घंटा वाजली. कोकरानं मान वळवली. बस, एवढंच. सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी रागावून बघितलं असतं तर बरं वाटलं असतं.

शो सुटल्यावर सर म्हणाले, “आलोच आहोत तर ऑपरेटरला विचारू.” कॅबिनमध्ये मशीन चालवणारे मामा डब्यात रिळं भरत होते. पिक्चर एका रिळात मावत नाही. त्याची अनेक रिळं असतात, ती एकामागून एक लावतात.

“मामा, धुक्याच्या सीनला कधी हाक ऐकलीत का?” सरांनी विचारलं.

“न्हाई बा. घंटाच हाय तिथं.” मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “ताई, तुमी कवा आल्ता?”

“बुधवारी. बाराच्या शोला.”

मामांचा हात थांबला. “बुधवारी चौथ्या रिळाला आवाज गेल्ता. एक्सायटर लॅम्प उडाला.”

त्यांनी आम्हाला दाखवलं. फिल्मच्या कडेला आवाजाची एक बारीक पट्टी असते. तिच्यावर एका छोट्या दिव्याचा उजेड पडतो, तेव्हा आवाज निघतो. तो दिवा गेला की चित्र चालू राहतं, पण मुकं.

“म्हणजे घंटासुद्धा नव्हती?” सर म्हणाले.

“कायच नव्हतं. तीन-चार मिण्टं. पर एक सांगू का सायेब? आवाज गेला की पब्लिक थेटर डोक्यावर घेतंय. शिट्ट्या मारत्यात, खुर्च्या आपटत्यात, माझी आय काढत्यात. त्यावरनंच मला कळतं. बुधवारी कुणी हूं न्हाई का चूं न्हाई. मला वाटलं पोरं झोपली. म्हणून या भोकातनं डोकावलो.”

“मग?”

“समदी पोरं माना मागं वळवून बसल्याली. पडद्याकडं एक बी बघत नव्हतं. त्यांचं गुरुजी बी.”

“कुणाकडे बघत होती?”

“ताईंच्या बाजूला. मला वाटलं, ताईच गोष्ट सांगत्यात.”

मी म्हणाले, “मी बोलले नाही मामा.”

“आवाज मला आला न्हाई. हितं मशीनचीच घरघर.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “मग कोण बोलत हुतं?”

सर कॅबिनच्या दाराकडे वळले.

आवाज गेल्याचं मला कसं कळलं नाही, हे परतीच्या गाडीत लक्षात आलं. ते कार्टून मी आयुष्यभर आवाज बंद करूनच बघितलं होतं. आवाज बंद झाल्यावरच आमच्याकडे गोष्ट सुरू व्हायची.

न्हावरं मागं पडल्यावर सर म्हणाले, “तू खोटं लिहिलं नाहीस, एवढं मला पटलं. पण पिक्चरमध्ये हाक नाही. दुरुस्ती तूच लिही.” बालपानाबद्दल ते काही बोलले नाहीत.

मी लिहिलं, ‘मागील अंकातील परीक्षणात मेंढपाळाच्या हाकेचा उल्लेख चुकून झाला आहे. चित्रपटात मेंढपाळ बोलत नाही. दिलगीर आहोत.’ त्याखाली नाव नव्हतं.

दुरुस्ती छापून आली, त्याच्या पुढच्या आठवड्यात ऑफिसात एक पोस्टकार्ड आलं. पेन्सिलीनं आखलेल्या ओळींवर मोठी अक्षरं. सरांनी मोठ्यानं वाचलं.

‘तुम्ही छापलेली दुरुस्ती चुकीची आहे. मेंढपाळबाबा बोलले. भुरे चल गं घरला असे म्हणाले. मग कोकरू वळले. आम्ही सर्वांनी ऐकले. गुरुजींनी पण ऐकले. इयत्ता चौथी.’

“हे भुरी काय आहे?” सर म्हणाले. “तुझ्या परीक्षणात तर नव्हतं.”

“नाही सर.”

त्यांनी फाइल काढली. छापून झालेल्या मजकुराचे हातांनी लिहिलेले कागद आम्ही वर्षभर जपून ठेवतो. माझा कागद त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला. खोडलेली ओळ त्यांनी बराच वेळ वाचली. मग कागद फाइलमध्ये होता तसा लावला.

“दुरुस्तीची दुरुस्ती आपण छापत नाही,” ते म्हणाले. पोस्टकार्ड त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवलं. “बालपान दिवाळीपासून तू बघ. मुलांच्या पत्रांना उत्तरं द्यावी लागतील. पहिलं याला दे.”

मी उत्तर लिहिलं, ‘तुम्ही बरोबर ऐकलंत. ते चित्रपटात नव्हतं.’

आता मी तिसऱ्या वर्षाला आहे. पाहुणे अजून आलेले नाहीत. परीक्षणाला जाण्याआधी मी बुकलेट वाचते. आणि वहीच्या पानावर दोन रकाने आखते. एकात पडद्यावरून आलेलं लिहायचं, दुसऱ्यात हॉलमधून आलेलं. दुसरा रकाना तेव्हापासून रिकामाच आहे. तरी प्रत्येक वेळी आखते.