मलिदा कुणी खाल्ला?

माझ्या घरातून मी आयुष्यात एकाच पाहुण्याला घालवलं, आणि त्या वेळी तो देवाचं नाव घेत होता.

ही गोष्ट सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. कुणी विचारलं तर "गाडी बिघडली म्हणून पोरगं परत गेलं" असं ठोकून द्यायचो. पण धारूरच्या चौकात या प्रकरणाची इतकी सोंगं फिरतायत (एकात तर मी ताट डोक्यावर घेऊन नाचतोय!) की माझं डोकं फिरलंय. म्हणून खरं काय ते लिहितो. मेलो की बसवंतआप्पा सांगेल तेच खरं ठरेल, आणि ते मला मेल्यावरही सहन होणार नाही.

आधी एका शब्दाबद्दल. आमच्या घरात 'मलिदा' हा शब्द बंद होता. मी शंकराच्या देवळाच्या समितीचा अध्यक्ष असताना सभामंडपावर पत्रे चढले, आणि याच बसवंतआप्पानं (समितीतलाच, माझ्या वर्गातला, जीभ म्हणजे गळका नळ!) गावभर केलं की अण्णानं मलिदा खाल्ला. मी! बैठकीला चहासुद्धा घरून नेणारा! तेव्हापासून तो शब्द ऐकला की माझे कान तापायचे. दर्ग्यातून खराखुरा मलिदा आला तरी माझी बायको सुमन त्याला 'ते गोड' म्हणायची.

अशा घरात रूबेन आला.

आला म्हणजे आमच्या दुकानाच्या टेम्पोत घालून आणला. ठाण्याचं पोरगं, पंचविशीतलं, मोटारसायकलवर एकटंच देश बघायला निघालेलं. किल्ला बघून घाट उतरताना खडीवर घसरलं. गुडघा सोललेला, गाडीचा तुटका आरसा हातात, आणि चेहऱ्यावर हसू! मला तिथंच राग आला. पडलेल्या माणसानं हसू नये.

"कावून हसायलास बे? मरता मरता वाचलास!"

"म्हणूनच हसतोय, काका."

तो दिवस शुक्रवार. संध्याकाळी त्यानं मोबाइल बंद केला, सुमनला विचारून टेबलावर दोन मेणबत्त्या लावल्या आणि पुटपुटत काहीतरी म्हटलं. लाइट गेलेलीच होती. सुमन म्हणाली, "किती समजूतदार लेकरू हाय!"

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या मनानं म्हटलं, "चल, टेम्पोनं अंबाजोगाई दाखवतो."

"शनिवारी गाडीत बसत नाही, काका."

"मारुतीचा उपास?"

"आमचा विसाव्याचा वार. आम्ही ज्यू. बेने इस्राएल. कोकणात आमच्या पूर्वजांचे तेलाचे घाणे होते, शनिवारी बंद ठेवायचे. लोक त्यांना शनवार तेलीच म्हणायचे."

"शनिवारी गिऱ्हाईक सोडायचे? मग धंदा कसा व्हायचा?"

"रविवारी," तो म्हणाला आणि शांतपणे पोहे खाऊ लागला. मी दुकानदार माणूस. मला हे उत्तर दिवसभर टोचलं.

पण पोरगं लाघवी, हे मान्य करतो. आमच्या लिंगायत घरात मांसमच्छी नाही म्हणून त्याला त्याच्या धर्माचे खाण्याचे नियम पाळणं सोपं झालं. सुमनला त्यानं प्रवासाच्या गोष्टी सांगितल्या. त्याची रीत अशी, की ज्या गावात त्यांच्या समाजाचं एखादं घर असेल तिथं मुक्काम करायचा, तिथल्या म्हाताऱ्यांच्या पाया पडायचं आणि त्यांचे निरोप पुढच्या गावी पोचवायचे. आता हैदराबाद, मग थेट कोचीन. तिथं त्यांचं फार जुनं प्रार्थनास्थळ आहे. त्याच्या आजोबांना ते बघायचं होतं, राहून गेलं. नोकरीवर रुजू व्हायच्या आधी आजोबांची टोपी तिथं नेऊन यायची, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

अंधार पडल्यावर त्यानं आईला फोन लावला. पडल्याचं ऐकून तिनं रडून घेतलं आणि मग हुकूम सोडला. एलियाहू हनाबी या त्यांच्या संदेष्ट्यानं वाचवलंय, तर त्याच्या नावानं तिथंच मलिदा कर, म्हणजे गोड पोह्यांचं ताट मांडून प्रार्थना. इकडं आपली माणसं बसतील, तू फोनवर राहा. मलिदा झाला तरच पुढं कोचीन, नाहीतर मुकाट्यानं घरी ये!

हे मला नंतर कळलं. मी दुकानात होतो. आणि सुमननं सांगितलं नाही, कारण सांगायचं तर तो शब्द उच्चारावा लागला असता!

रविवारी मी जेवायला घरी आलो. एक चप्पल काढली, दुसरी पायातच, तेवढ्यात बैठकीच्या खोलीतून पुरुषी आवाज आला.

"अण्णांच्या घरात मलिदा आहे ना नीट?"

"आहे, नाना. ताट भरून आहे," रूबेन म्हणाला.

"मग दाखव सगळ्यांना."

माझे कान तापले.

"आता एलियाहूला बोलवू या. तो कुणाला दिसत नाही, पण सगळं बघतो."

न दिसता सगळं बघणारा म्हणजे कोण? तपासणी अधिकारी! मी एका चपलेनिशी आत घुसलो. रूबेन टोपी घालून उभा. समोर ताटात पोहे, गूळ, खोबरं, वर पाच फळं, गुलाबाचं फूल. आणि आमच्या तांब्याला टेकवलेल्या मोबाइलमध्ये टोप्या घातलेले दहा-बारा म्हातारे रांगेनं माझ्याकडं बघतायत. माझ्याच घरात, माझ्याच तांब्याला टेकून, माझी चौकशी!

"मलिदा खाल्ला कोण म्हणतंय? नाव घ्या!"

पुढचा म्हातारा, म्हणजे ते नाना, मोबाइलजवळ येऊन नम्रपणे म्हणाले, "अजून कुणीच खाल्ला नाही हो. आधी प्रार्थना, मग खाणं."

"म्हंजे खाणारच?"

"अर्थात! सगळ्यांनी थोडा थोडा घ्यायचा असतो."

"ऐक सुमन! तोंड वर करून सांगायलेत! आन् हा एलिया कोण? कुठल्या हापिसातला?"

"काका, तो... स्वर्गातला," रूबेन म्हणाला.

"मग बदली होऊन इथं आला काय? तूही चालता हो त्याच्यासंगं!"

"आवो, हळू! लई माणसं बघायलीत!" सुमन ओरडली.

मी हात झटकला. तांब्या कलंडला आणि मोबाइल ताटात पालथा पडला. पोह्यांतून आवाज येऊ लागले, "रूबेन! अरे, मारतायत का तुला?" मला काही सुचेना. (रागात सुचणं आधीच कमी, त्यात भूक!) मी ताट उचललं आणि चौकात गेलो. एक पाय चपलेत, एक अनवाणी, आणि ताटात ठाण्याची सगळी वडीलधारी मंडळी!

बसवंतआप्पा पानटपरीवर होताच.

"घे मलिदा! खा! सगळं गाव खा!"

आप्पानं ताटात बघितलं, चिमूटभर तोंडात टाकलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "अण्णा, खाल्लेला परत करायलास, चांगलं हाय. आता पत्रे बी आण."

चौक हसून आडवा झाला. हात पुढं आले. पोह्यांखालून आवाज आला, "अहो, प्रार्थनेआधी खाऊ नका!" पण ताट रिकामं झालंसुद्धा.

मागून रूबेन लंगडत आला. मोबाइल उचलला, शर्टाला पुसला. "नाही नाना, मला कुणी मारलं नाही... नाही, झाला नाही. हो. मम्मीला सांगा, घरी येतो."

सुमन रात्री म्हणाली, पुन्हा करू. त्यानं मान हलवली. आई घाबरली होती, शब्द दिला होता. मोटारसायकल मागाहून पाठवायची ठरली आणि तो सकाळच्या एसटीनं गेला. सुमनच्या पाया पडला. मला म्हणाला, "येतो, काका." माझ्या तोंडात माफीचे शब्द आले होते, नक्की आले होते. बाहेर पडलं ते असं, "तुझा आरसा राहिलाय."

आता पत्र्यांचं. ते उरले होते. माझ्या गोदामात पाणी गळत होतं. देवळाला उरलेल्या पत्र्यांचा काय उपयोग होता? बस, एवढंच! आप्पा खरं बोलत होता, याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. निर्दोष माणूस मलिद्याच्या नावानं एवढा उसळत नाही, हे पोराला कळलं नसेल. चौकाला कळलं.

सुमनचं त्याच्या आईशी अजून बोलणं असतं. तो नोकरीत अडकला, कोचीन राहिलंच. टोपी कपाटात आहे. ती मला सारखी म्हणते, "फोन लावा. माफी मागा." गेले काही महिने मी लावतो. दर शनिवारी सकाळी, न चुकता. शनिवारी तो फोन उचलत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. मग मी सुमनला ऐकू जाईल असा सुस्कारा सोडतो, "बघ, उचलायला न्हाई!"

गेल्या शनिवारी अंधार पडल्यावर त्याचाच फोन आला.

"काका, किती महिने बघतोय, दर शनिवारी तुमचा मिस्ड कॉल असतो. काही काम होतं का?"

सुमन समोर बसली होती. दूध उतू चाललं होतं तरी उठेना.

मी घसा साफ केला आणि म्हणालो, "न्हाई रे बाळा. चुकून लागतो."