अठराव्या हिरवळीवरची पावलं

युसेबिओ बारागानला गोल्फ खेळता येत नव्हतं आणि खेळणाऱ्यांबद्दल त्याचं मतही फारसं बरं नव्हतं. "धडधाकट माणसं एवढ्याशा चेंडूमागं अर्धा दिवस हिंडतात, आणि वर दमलो म्हणतात," असं तो म्हणायचा. पण पाम स्प्रिंग्जच्या त्या क्लबातलं गवत एकतीस वर्षं त्याच्याच जिवावर हिरवं होतं. सीमेपलीकडच्या मिचोआकानहून आला तो खड्डे खणायला. त्रेसष्टाव्या वर्षी सगळ्या माळ्यांचा मुकादम होता, त्यांच्या तोंडी मानाचा 'डॉन'. वाळवंटात गवत राखणं म्हणजे काय चेष्टा आहे? दर ऑक्टोबरात उन्हाळी गवत मुळाशी छाटायचं, वर हिवाळी बी पेरायचं, तान्ह्या पोरासारखं जपायचं. कशासाठी, तर मिनेसोटातल्या म्हाताऱ्यांना जानेवारीत ऊन खात खेळता यावं म्हणून.

त्याचा कायदा एकच. दव गोठलेलं असताना गवतावर पाऊल टाकायचं नाही. गोठलेलं पातं पायाखाली मोडतं, पण मोडलेलं लगेच कळत नाही. दोन-चार तास ऊन लागलं की मग पावलापावलाचे काळे डाग उमटतात, आणि आठवडेच्या आठवडे जात नाहीत. "खुद्द मालक आला तरी तंगडी तोडीन," असं तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचा.

त्या हिवाळ्यात मात्र त्याचं काहीतरी बिनसलं होतं. दोनदा पाण्याचा नळ रात्रभर उघडा राहिला. एकदा खताच्या गाडीवाल्याला त्याने एकाच कामासाठी दोनदा बोलावलं. डनमोर नावाचा मॅनेजर तसा वाईट नव्हता, पण त्याच्याही डोक्यावर मालक बसलेले. तो म्हणाला, "युसेबिओ, आता आणखी एक चूक झाली, तर मला तुम्हाला घरी पाठवावं लागेल." घरी म्हणजे शेजारच्या इंडियो गावातल्या दोन खोल्या, भिंतीवर बायकोचा फोटो आणि दिवसभर चालू टीव्ही. त्यापेक्षा मरण बरं, असं त्याला वाटायचं.

जानेवारीतल्या एका मंगळवारी कडाक्याची थंडी पडली. युसेबिओ नेहमीसारखा पहाटे पाचला आला, कडेला वाकून गवताला तळहात लावला आणि खेळ थांबवायचा निरोप धाडला. सात वाजता पहिल्या होलपाशी चाळीसेक पाहुणे कोट घालून ताटकळत होते.

"आमच्याकडे एवढ्या थंडीत पोरं आइस्क्रीम खातात," हार्लन ट्वेट म्हणाला. मिनेसोटाचा हा म्हातारा एकोणीस हिवाळे इथेच काढत होता. "सोडा की आता."

"तुमच्याकडचं गवत बर्फाखाली झोपलंय, साहेब. माझं जागं आहे," युसेबिओ म्हणाला. म्हातारे हसले आणि कॉफी प्यायला गेले.

पावणेनऊला दव वितळलं. आता खेळ सुरू करायचा, एवढ्यात अठराव्या होलच्या हिरवळीवर पहिला डाग दिसला. मग दुसरा. बघता बघता काठापासून होलमधल्या झेंड्यापर्यंत ओळ उमटली, जायची आणि यायची. पाहुण्यांच्या वार्षिक स्पर्धेचा शेवट गुरुवारी ह्याच हिरवळीवर व्हायचा होता. डनमोरचा चेहरा पडला. "बारा वाजायच्या आत मला नाव हवंय. ज्याची ही पावलं असतील, तो आजच घरी जाईल."

युसेबिओच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ठसे क्लबच्या रबरी बुटांचे होते, म्हणजे घरचाच भेदी. त्याने नऊच्या नऊ माळी ओळीने उभे केले आणि काठीने एकेकाच्या बुटाचा तळ मोजला. एकाचाच बूट जुळला, वेन्सेसलाओचा. तीन लेकरांचा बाप, जवळची वाट शोधण्यात पटाईत आणि त्या दिवशी उशिरा आलेला.

"डॉन युसेबिओ, आईशप्पथ, मी तिकडे फिरकलोसुद्धा नाही."

"तुझी आई बिचारी कितीदा मरणार आहे रे? घाई झाली म्हणून मधून तुडवत गेलास. खरं बोल."

"नाही गेलो. पायाच्या मापावरून माझी चूल विझवणार का तुम्ही?"

त्या नऊ जणांतला सगळ्यात जुना माळी लिब्रादो मध्ये पडला. तो युसेबिओच्या पोराचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, म्हणून दोघे एकमेकांना कोंपाद्रे म्हणत. "जाऊ दे ना, कोंपाद्रे. कुणी पाहुणाच असेल, झोपेत चालणारा."

"पाहुणे क्लबचे रबरी बूट घालून झोपतात होय?"

साडेअकराला युसेबिओ वेन्सेसलाओचं नाव सांगायला निघाला. लिब्रादो त्याच्या छोट्या गाडीसमोर आडवा उभा राहिला.

"त्याचं नाव नको सांगूस."

"का? जावई लागतो तुझा?"

लिब्रादो त्याच्याकडे बघेचना. खाली त्याच्या पायांकडे बघत म्हणाला, "ठशांतला डावा पाय बघ. बाहेरच्या बाजूला फेकलाय. ट्रॅक्टरवरून पडलास तेव्हापासून तू तसाच चालतोस. इतकी वर्षं तुझ्या मागनं चालतोय मी, मला कळणार नाही का?"

"वेड लागलंय तुला. मी काठावरूनच हात लावला." एवढं बोलून युसेबिओ थांबला. त्याने आठवायचा प्रयत्न केला. गाडी लावली, ते आठवत होतं. गवताचा गारवा आठवत होता. त्यानंतर थेट फोनवर निरोप देताना. मधलं काहीच नव्हतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तो घाबरला, नोकरीसाठी नाही, स्वतःसाठी.

"मी माझं नाव सांगतो," लिब्रादो हळूच म्हणाला. "मला तसंही नातवंडंच सांभाळायची आहेत."

"गप बस. लेकरांच्या बापाला सुळावर द्यायला निघालो होतो मी. आता तुला देऊ?"

डनमोर हिरवळीपाशीच उभा होता, शेजारी ट्वेट. युसेबिओने टोपी काढली. "नाव लिहून घ्या. युसेबिओ बारागान."

डनमोर वैतागून हसला. "माणसांच्या चुकांवर पांघरूण घालू नका. तुम्ही गोठलेल्या गवतावर? सूर्य पश्चिमेला उगवेल त्या दिवशी."

खोटं बोलला असता तर खपलं असतं. खरं बोलला तर कुणाला पटेना. आता दव उरलं नव्हतं, पाऊल टाकायला हरकत नव्हती. युसेबिओने डावा बूट पहिल्या काळ्या डागात ठेवला, तो तंतोतंत बसला. मग उजवा. एकेक पाऊल टाकत, कुठेही न चुकता, तो झेंड्यापर्यंत गेला. कडेला माळी गोळा झाले होते. वेन्सेसलाओने मान खाली घातली.

झेंड्यापाशी युसेबिओ उभा राहिला. तिथे ना पाण्याचा नळ होता ना कसलं काम. नुसता झेंडा आणि भोवती त्याने वाढवलेलं गवत.

"इथे कशाला आला होतात, युसेबिओ?" डनमोरचा आवाज आता खाली आला होता.

"तेच तर मी मघापासून आठवतोय," तो म्हणाला.

मग लिब्रादो हिरवळीवर आला आणि त्याने युसेबिओचा दंड धरला. "चल, कोंपाद्रे. घरी जाऊ."

युसेबिओने खिशातून आपल्या ट्रकची किल्ली काढली, थोडा वेळ तिच्याकडे बघितलं आणि लिब्रादोच्या हातात दिली. "तूच चालव," तो म्हणाला.