खाली आणताना आम्ही दोघंच

प्रथमोपचाराचा कोर्स पास झालो आणि घाटकोपरच्या एका धर्मादाय संस्थेच्या अॅम्ब्युलन्सवर अटेंडंट म्हणून लागलो. वडिलांची गिरणी बंद पडलेली, घरात दुसरं कोणी कमावतं नव्हतं. तरी खरं सांगायचं तर मी खुशीत होतो. रबराच्या पुतळ्याची छाती दाबून, त्याच्या तोंडात फुंकर घालून सर्टिफिकेट मिळवलं होतं. आता माणसं वाचवायची, एवढंच डोक्यात.

ड्रायव्हरला सगळे मामा म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी गाडी दाखवली. आत एक बाकडं, एक स्ट्रेचर आणि कोपऱ्यात अगरबत्तीची राख.

"ही कशाला?" मी विचारलं.

"मयताला पण हीच गाडी जाते रे. लोकांना वेगळी कुठून देणार?"

आग्रा रोडवरून आम्ही घंटा वाजवत निघालो की कोणी बाजूला होत नसे. गाडी मयताची म्हणून ओळखीची होती. फुटपाथवरचे लोक मात्र हात जोडत.

पहिल्याच उन्हाळ्यात एका दुपारी टेकडीवरच्या वस्तीतून बोलावणं आलं. गिरणीतून रिटायर झालेल्या एका म्हाताऱ्याच्या छातीत दुखत होतं. त्याची सून रस्त्यावर येऊन उभी होती. तिच्या मागोमाग पायऱ्या चढून गेलो. म्हातारा भिंतीला टेकून बसलेला, बनियन घामाने चिंब. स्ट्रेचर पहिल्याच वळणावर अडकलं होतं, ते तिथेच ठेवावं लागलं. मग म्हाताऱ्याला घरातल्या लाकडी खुर्चीत बसवलं, चादरीने बांधलं आणि मी खालून, मामांनी वरून असं धरून उतरायला लागलो. सून पुढे वाट मोकळी करत होती. नळावर पाणी आलेलं. हंडे बाजूला सरकले, पण हात लावायला कोणी आलं नाही. भीतीच असावी.

"माका खंय नेतास?" म्हाताऱ्याने विचारलं.

"हॉस्पिटलात, आजोबा."

"तू खंयचो?"

"कणकवलेचो."

"मगे हळू धर रे, झिला."

बरं वाटलं मला. बोलतोय, म्हणजे पोचेल.

शेवटच्या पायऱ्यांवर त्याची मान कलली. खाली आल्याबरोबर त्याला रस्त्यावरच आडवं केलं आणि छाती दाबायला लागलो. शिकवलं होतं तसंच. पण ही छाती रबराची नव्हती. हाताखाली काहीतरी कट्‌कन वाजलं. गर्दी जमली.

"अरे, बरगड्या मोडतोय म्हाताऱ्याच्या!"

मी तोंडात फुंकर घालायला वाकलो, तर कोणीतरी कॉलर धरून मागे खेचलं. सून ओरडली, "करू दे त्याला!" तिचं कोण ऐकणार! मामा म्हणाले, "चल, गाडीत घे." चालत्या गाडीत मी गुडघ्यावर बसून दाबत राहिलो. प्रत्येक खड्ड्याला तोल जायचा.

हॉस्पिटलात माझ्याच वयाचा डॉक्टर होता. त्याने स्टेथोस्कोप लावला, डोळे उघडून पाहिले आणि मान हलवली.

"खाली उतरेपर्यंत बोलत होते हो," मी म्हणालो.

"असतील."

"लोकांनी दाबू दिलं असतं तर?"

तो हात धुवायला वळला. "तर इथपर्यंत जिवंत आले असते कदाचित. पुढे मी काय केलं असतं? शॉक द्यायचं मशीन बंद पडलंय आमचं."

म्हाताऱ्याचा मुलगा कामावरून थेट हॉस्पिटलात आला. सगळे सोपस्कार झाल्यावर त्याने आम्हालाच विचारलं, "घरी घेऊन जाल ना?"

गेलो. गाडी टेकडीखाली थांबली, आणि गल्ल्यागल्ल्यांतून माणसं धावत आली. कोणी डोकं सावरलं, कोणी पाय धरले. मला हात लावायलाही जागा उरली नाही. हातोहात त्यांनी म्हाताऱ्याला वर नेलं, एकदाही न टेकवता. मी खालीच उभा राहिलो. मामांनी विडी पेटवली.

संस्थेच्या सेक्रेटरींकडे मी उचलून न्यायची हलकी खुर्ची मागितली. "बघू," म्हणाले. पुन्हा मागितली, पुन्हा बघू. दरम्यान आणखी माणसं खाली आणली. काही पोचली, बरीचशी नाही. पोचलेल्यांचं पुढे काय झालं, ते कधी कळलं नाही.

शेवटी संस्थेने ठरवलं की आजाऱ्यांची ने-आण झेपत नाही, गाडी फक्त मयतासाठी ठेवायची. मला विचारलं, राहणार का? दुसरी नोकरी नव्हती. मी हो म्हणालो.