दुसरीचा पाळणा

"हळू बोला, बाळ निजलंय," असं म्हणत बाई ओठांवर बोट ठेवायच्या आणि दुसऱ्या हातानं पाळण्याची दोरी ओढत राहायच्या. नवखा माणूस खरोखरच आवाज खाली आणून आत डोकावायचा. आत कुंची घातलेला वरवंटा असायचा, बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात घालतात तसा. "लई शाणं हाय," बाई सांगायच्या. "रडत न्हाय, ओलं करत न्हाय."

शुक्रवार पेठेतल्या तुमच्यापैकी पुष्कळांनी बाईंना पाहिलं असेल. काहींना तर जन्मल्या जन्मल्या त्यांनीच पुसून घेतलं असेल. सरकारी प्रसूतिगृहात त्या आया होत्या. मूळच्या सीमेकडच्या वळसंग गावच्या, त्यामुळे कानडीही त्यांना घरचीच. निवृत्त झाल्यावर दर रविवारी दुपारी त्या आमच्या वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये बायका जमवत. वाचनालयाचा चिटणीस मी, आणि हॉलची किल्ली माझ्याकडे. बाईंनी मला कधी नावानं हाक मारली नाही. 'चिटणीस' म्हणायच्या, तेही जरा चिडवल्यासारखं.

त्यांचा नियम एकच होता. "आपल्या घरचा पाळणा आपण म्हणायचा न्हाय. शेजारणीला शिकवायचा. तिनं म्हणायचा."

म्हणून पलीकडच्या मोहल्ल्यातली खाला आपली लोरी विणकरांच्या वस्तीतल्या अक्काला शिकवायची आणि अक्काचं तेलुगू अंगाईगीत खाला घोकायची. अक्काचा आवाज मागावर काम करून करून खडा झालेला.

"अक्का, तुम बच्चेकू सुलारे की जगारे?" खाला विचारायची.

"आमचं पोर या आवाजातच झोपतं. तुमचंच नाजूक दिसतंय," अक्का म्हणायची.

गाणं शिकवताना अर्थ सांगावा लागतो. अर्थ सांगता सांगता माहेर निघतं, मग सासू, मग सून, मग मुलाचं काम सुटल्याचं. वर्षानुवर्षं एकाच भाजीवाल्यासमोर उभं राहूनही ज्या एकमेकींशी बोलल्या नव्हत्या, त्या उठायचं नाव घेत नसत. मी किल्ली वाजवत दारात उभा राहायचो.

एकदा बाईंनी ठरवलं की घरच्या पुरुषांनाही बोलवायचं. आमच्या गल्लीतल्या आणि मोहल्ल्यातल्याही. हॉलमध्ये शेजारी शेजारी बसून त्यांनी ऐकायचं. मीही हो म्हणालो.

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात माझ्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. आमच्या गल्लीतली नवी सून खालाची लोरी म्हणत होती. त्यात अल्लाचं नाव होतं, तेवढाच तुकडा कापून घेतलेला. बाईंचा पाळणा, बाकीच्या बायका, अक्काचं गाणं म्हणणारी खाला, काहीच नव्हतं. खाली लिहिलं होतं, 'पेठेत आपल्या सुनांना काय शिकवतात बघा.' पाठवणारा माझा सख्खा मेहुणा होता. खालाच्या मुलालाही त्यांच्याकडच्या कुणीतरी विचारलं होतं म्हणे, तुझी आई त्यांच्या देवांची गाणी कशाला गाते.

दोन दिवसांनी तिघं जण वाचनालयात आले. तोंडओळखीचे होते. आवाज चढवला नाही. मी चहा मागवला, तो प्यायले. एकानं हॉलकडे पाहून विचारलं, "काका, रविवारी गर्दी होईल का?" मी म्हणालो, घरचाच कार्यक्रम आहे. दुसरा म्हणाला, "तुमच्या सूनबाईंची शाळा लांब आहे ना? परत येताना पुलाखालचा रस्ता सुनसान असतो." मग नमस्कार करून गेले. मी कप उचलून ठेवले.

माझी सून शिक्षिका. त्या दिवसापासून ती शाळेतून घरी येईपर्यंत मी दारात बसू लागलो. मोटारसायकल गल्लीत वळली की उठून उभा राहायचो. पोलिसांकडे जायचं मनात आलं, पण तक्रार काय करायची? चहा पिऊन गेले म्हणून?

रविवारी सकाळी मी हॉलला कुलूप लावलं. विचारायला आलेल्या पहिल्या माणसाला मी सांगितलं, "बाईंनीच रद्द केलं. घाबरल्या त्या." पुढच्यांना तेच सांगणं सोपं गेलं.

दुपारी बाई रिक्षातून पाळणा घेऊन उतरल्या. बायका गल्लीत उभ्या होत्या, मागे काही पुरुष. खाला पुढे झाली.

"क्या बाई, ये बोलरे तुम डर गए करके?"

बाईंनी कुलपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझा हात खिशात किल्लीवर होता. त्यांना सगळं कळलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "भ्याले मी."

अक्का काहीतरी पुटपुटली आणि वळली. खाला म्हणाली, "पैलेच बोलना था. मरदों के सामने हमारी इज्जत गई." सगळ्या गेल्या. पाळणा पुन्हा रिक्षात चढवताना बाईंना मीच हात लावला. दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"असं का सांगितलंत?" मी विचारलं.

"तुमी कुलूप लावलं म्हटलं असतं, तर मोहल्ल्यातल्या म्हणाल्या असत्या, ह्येनी आमाला दार बंद केलं. ह्येनी म्हंजे तुमी एकट्यानं न्हाय, हितल्या समद्यांनी. एक म्हातारी भ्याली, एवढ्यावर भागलं की." मग रिक्षात बसता बसता म्हणाल्या, "दारात वाट बघत बसता, ऐकलंय मी. सूनबाईला जपा."

त्यानंतर रविवार बंद झाले. बाजारात बायका बाईंना पाहून तोंड फिरवायच्या. ज्यांची बाळंतपणं त्यांनी केली, त्यांच्या पोरी 'भित्री बाई' म्हणून हसायच्या. मी हे पाहत होतो. एकदा भाजीच्या गाड्यापाशी खालानं त्यांच्या हाकेला ओ दिली नाही, तेव्हा मी चार पावलांवर होतो. मी कोथिंबीर निवडत राहिलो.

बाई वळसंगला गेल्या आणि तिथंच वारल्या. अंत्यविधीला पेठेतून मी एकटा होतो. कुणाला कळवावं तर कोण येणार, असं मनाशी म्हणालो. खरं म्हणजे कुणी येऊन काही विचारेल याचीच मला धास्ती होती.

परवा मी खालाच्या दारी गेलो. त्या मोहल्ल्यात एकटा पहिल्यांदाच. तिनं आत बसवलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. तिचा मुलगा आतून येऊन उभा राहिला, तेव्हा मी उठायला लागलो. तिनं हातानं बसवलं.

"बाई कब गए?"

मी सांगितलं.

"मिट्टीकू कौन था?"

अंत्यविधीला मी एकटाच होतो, तेही सांगितलं.

ती जमिनीकडे पाहत म्हणाली, "बजार में वो मेरेकू आवाज दिए. मैं सुनी थी, भाई. मैं सुनके भी चली गई."

मुलानं पाण्याचा पेला उचलून नेला. ती पदर डोक्यावर सारखा करत उठली आणि म्हणाली, "चलो. अक्का के घर चलते. उसकू भी तुमीच बोलना."