करड्याचा शेवट

“करड्याला आत घेतला, तर दत्तूलाबी निरोप धाडीन, ये म्हणून. न्हाई घेतला, तर न्हाई.”

काकू हे हिराबाईला सांगत होती, कांद्याच्या ढिगाआडून. मी बराखीच्या दाराशी चप्पल काढत होते. मी आल्याचं त्यांना कळलं नव्हतं. हिराबाई म्हणाली, “अगं, पुस्तकावर भाऊ ठरवतीस व्हय?” त्यावर काकू अगदी शांतपणे म्हणाली, “पोथीवर ठरवत्यात की लोकं.”

मी ते ऐकलं. पुढे जे सांगणार आहे त्यात हेच सगळ्यात वाईट – की मी ते ऐकलं होतं. हे सगळं, असं पहिल्यापासून, मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, कॉलेजातल्या मैत्रिणींना नाही. सांगायला बसले की मी उठते, पाणी पिते, खिडकी लावते, पुन्हा उघडते. आत्ताही दोनदा उठून आले.

आधी करड्या कोण ते सांगायला हवं. नाहीतर तुम्हाला वाटेल, कुणीतरी गावातला माणूस.

करड्या एका इंग्रजी कादंबरीतला. पाच जाडजूड भाग, बर्फाचा देश, जादू, किल्ले, बर्फातून चालत येणारे प्राणी. माझं सगळं शिक्षण मंचरला इंग्रजी माध्यमात झालं, आणि मी बोलते कमी, त्यामुळे माझी दुनिया बरीचशी मोबाइलवरच्या अशा पुस्तकांत. त्या वर्षी शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन मी घरी अवसरीला रिकामी बसले होते. काकूचं घर आणि आमचं घर एकाच अंगणात. उन्हाळ्यात काढलेला कांदा बराखीत भरलेला – पत्र्याचं छप्पर आणि बाजूंना जाळी असलेली ती लांबट खोली तुम्ही रस्त्यानं जाताना पाहिली असेल. पावसाळा लागला की त्यातला सडका कांदा वेचून काढावा लागतो, नाहीतर शेजारचाही जातो. काकू, हिराबाई आणि गल्लीतल्या आणखी दोघी-तिघी दुपारभर तेच करायच्या. मला आईनं मदतीला पाठवलं. मी तिथे एका कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसले.

हिराबाईनं विचारलं, काय वाचतीस एवढं, आमाला तरी कळू दे. मी लाजत दोन वाक्यं सांगितली. मग आणखी दोन. त्याचं मूळ नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून त्याच्या करड्या झग्यावरून हिराबाईनंच त्याचं बारसं केलं.

करड्या किल्ल्याचा पहारेकरी. एका रात्री बर्फातले प्राणी येतात, आणि त्याची सख्खी बहीण लहान पोर घेऊन बाहेरून दार ठोठावते. तो दार उघडत नाही. पोर मरतं, बहीण वाचते. का नाही उघडलं? आत रोगाची साथ होती, बहिणीला ती लागू नये म्हणून? की तो भ्याला? चार भाग झाले तरी कळत नाही. त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. मधल्या भागांत तो वाट चुकलेल्या माणसांना बर्फातून पार नेत फिरतो. त्याचा राग यायचा, आणि त्याच्यावाचून पान पुढे जायचं नाही – असा तो.

बराखीत त्याच्यावरून रोज भांडणं. हिराबाई म्हणायची, आधी त्याला चावडीपुढं जोड्यानं हाणा आणि मग जेवायला वाढा, दोन्ही करा. दुसरी म्हणायची, कशाला जेवायला? काकू काही बोलायची नाही. तिचे हात चालायचे. पण श्रावण लागला आणि तिनं एकेक नियम करायला सुरुवात केली. गोष्ट ऐकताना चप्पल बाहेर. मधेच उठायचं नाही. एक दिवस मला बरं नव्हतं, तर ती घरी येऊन बसली – पोथी अर्धी ठेवू नये म्हणून थोडं तरी सांग म्हणाली. श्रावणात आमच्याकडे पोथी लावतात, तशी तिनं ती बर्फाची गोष्ट लावली होती. तिला इंग्रजी येत नाही. पुस्तक माझ्या हातात, आणि मी सांगेन तेवढंच तिच्यापर्यंत पोचणार, हे मला तेव्हा गमतीचं वाटायचं. माझं ऐकायला कुणी येऊन बसावं, हे त्याआधी कधी घडलं नव्हतं.

आता दत्तूमामा. काकूचा एकुलता एक भाऊ, आणे पठारावर राहतो. काकूची आई शेवटी त्याच्याकडेच अंथरुणाला खिळून होती. तू तिला नीट बघत नाहीस, असं काकू त्याला एकदा बोलली होती, आणि त्यावरून अबोला. मग एका सकाळी आई गेल्याचा फोन आला. काका-काकू निघाले. लेक येईपर्यंत माती थांबवतात, हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. मामानं थांबवली नाही. काकू पोचली तेव्हा चिता पेटलेली होती. ऊन होतं म्हणून उरकलं, एवढंच तो म्हणाला. पुढे लोक सांगत की म्हातारीच्या पाठीला जखमा झाल्या होत्या, बहिणीला त्या दिसू नयेत म्हणून त्यानं घाई केली. लाजेनं? की तिला त्रास नको म्हणून? कोण सांगणार. काकूला आईचं तोंड दिसलं नाही, एवढं खरं.

तेव्हापासून ती भाऊबीजेला तबक तयार करून ठेवायची. निरांजन, कुंकू, सुपारी, सगळं. कुणालाच ओवाळायची नाही, आणि झोपायच्या आधी सगळं आवरायची. ये असा निरोप नाही, येऊ नको असाही नाही. त्या श्रावणात मामानंच एका पाहुण्याकडून विचारलं होतं – यंदा येऊ का?

आणि मी शेवटचा भाग वाचून काढला होता.

पुस्तकात काय होतं, ते सांगते. करड्या म्हातारा होऊन बहिणीच्या दाराशी येतो. ठोठावतो. ती ठोठावणं ओळखते. बराच वेळ जागची हलत नाही. मग उठून दार उघडते. एक शब्द बोलत नाही, माफ केलं असंही म्हणत नाही. परत जाऊन आपलं विणकाम हातात घेते. दार उघडंच राहतं. बास, पुस्तक संपलं.

मला त्याचा भयंकर संताप आला. माझ्यासारख्या वाचणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, कुठल्या कुठल्या देशांतले लोक, मी तिथे कधी काही लिहीत नाही, फक्त वाचते. तिथे नुसता गदारोळ. कुणी लिहिलं, रडून रडून डोळे सुजले, इतकी वर्षं याचीच वाट पाहत होतो. कुणी लिहिलं, त्या मेलेल्या पोराला कुणी विचारलं का? मी या दुसऱ्यांच्या बाजूची. वाटलं, चार भाग मला याचा द्वेष करायला लावला आणि आता म्हणता, असू दे? मला माझा राग परत हवा होता. मी दोन दिवस घरात नुसती फिरत होते. आई म्हणाली, पायाला चाकं लागली का.

म्हणून मी शेवट बदलला – असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. मला शेवट पटला नाही, मी माझा सांगितला, गोष्ट सांगणारा एवढं करणारच. ऐकायला बरं वाटतं, नाही? पण मग मी दाराशी जे ऐकलं, त्याचं काय करू?

आणि आणखी एक आहे. ते इतकं क्षुल्लक आहे की लिहितानाही कान तापतात. मी शाळेत असताना काकूच्या घरी पाहुणे जमले होते. दत्तूमामानं मला सगळ्यांपुढे पेपर वाचायला लावला. मराठी. मी जोडाक्षरांत अडखळले, ‘दुष्काळग्रस्त’ मला तीनदा म्हणावं लागलं. तो खो खो हसला. “हितं फाड फाड विंग्रजी, आन् मायबोलीत गाडी पंक्चर!” वाईट मनानं नाही, तो सगळ्यांचीच थट्टा करायचा. त्यानंतर तो आला की अंगणातूनच हाक द्यायचा, काय विंग्लिश मीडियम! मी आत निघून जायचे. एवढंच. बहिणीला आईचं तोंड न दाखवणारा भाऊ आणि मला हसणारा पाहुणा – यांतल्या कुणाला मी शिक्षा दिली? तुम्ही विचाराल. मी स्वतःला विचारलं आहे, आणि उत्तर मला आवडलेलं नाही.

त्या दुपारी सगळ्या जमल्या. काकूनं नारळ आणून ठेवला होता, समाप्तीचा. मी सुरुवात केली. करड्या येतो, बर्फ पडतोय, तो ठोठावतो, बहीण ओळखते – इथवर पुस्तकातलं. इथे मी थांबले. काकूच्या हातात कांदा होता, तो ती नुसता फिरवत होती.

मग मी म्हणाले, ती उठत नाही.

आणि पुढचं सुचत गेलं. तो ठोठावत राहतो, ती ऐकत राहते. तो तिला लहानपणच्या नावानं हाक मारतो, ती दिवा मालवते. सकाळी दाराबाहेर बर्फाचा ढीग आणि त्यातून दिसणारं झग्याचं टोक. माझी मराठी तेवढी सरळ त्याआधी कधी चालली नव्हती. एकदाही अडखळले नाही. दोघींनी पदर डोळ्यांना लावला. आणि मला – हे लिहायलाच हवं – मला आनंद झाला.

काकूनं विचारलं, “पुस्तकात असंच हाय ना?”

मी हो म्हणाले.

तिनं नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे वाटले. मग पोथी संपल्यावर विचारतात तसं तिनं विचारलं, “मग याची फलश्रुती काय म्हनायची, सायली?” अजूनही वेळ होती. हसून म्हणता आलं असतं, अगं, गंमत केली. मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, “काही चुकांना माफी नसते, काकू.”

तिनं पोथीला मान लववतात तशी मान लववली. खोबरं तोंडात टाकलं. त्या पाहुण्याकडूनच मामाला निरोप गेला – येऊ नको.

तरी तो आला. भाऊबीजेच्या दुपारी मी मंचरहून एसटीनं परतले, तर स्टँडवरच्या चहाच्या टपरीत दत्तूमामा बसला होता. पायाशी कापडी पिशवी, वर हुलगे दिसत होते, पठारावरचे. वाळला होता. मला ओळखून उठून उभा राहिला. हाक नाही, थट्टा नाही. “ताई, काकू बरी हाय का?” एवढं विचारलं. मी हो म्हणाले. तो पिशवी उचलायला वाकला, मला द्यायची असावी. मी म्हणाले, मला उशीर होतोय. आणि चालत सुटले. कुठे जायचं होतं मला? घरीच. उशीर कसला?

घरी येऊन मी सांगितलं नाही. काकू तबक मांडत होती. संध्याकाळी ती पहिल्यांदाच ते घेऊन गच्चीवर गेली. ज्या बाईला भाऊ नसतो, ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. वाऱ्यानं निरांजन विझू नये म्हणून मला आडोसा धरायला बोलावलं. मी दोन्ही हात ज्योतीभोवती धरून उभी राहिले, आणि तिनं भाऊ जिवंत असताना बिजेच्या कोरीला ओवाळलं.

पुढच्या दिवाळीलाही तसंच. मी हात धरले.

मध्ये मी ते पुस्तक पुन्हा वाचलं. आता तो शेवट मला फार आवडतो, असं नाही. त्या पोराला कुणी विचारलं का, हे मला अजून वाटतं. पण बहीण दार उघडते, हे तिचं ठरवणं होतं. माझं नव्हतं. काकूनं पुस्तकातला खरा शेवट ऐकूनही भावाला येऊ नको म्हटलं असतं, तर? असेलही. ते मला कधीच कळणार नाही, आणि तिलाही ते कळू दिलं नाही, ती मीच.

यंदाच्या भाऊबीजेला तिनं अंगणातून हाक मारली, “चल गं, चंद्र बुडंल.” मी वर गेले. पश्चिमेला अजून उजेड होता. तिनं कापूस वळून वात लावली, काडी ओढली, आणि मी हात पुढे करीन म्हणून थांबली. मी हात पुढे केले नाहीत. वाऱ्यानं ज्योत वाकली. तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, “काकू, पुस्तकात बहीण दार उघडते. तू हिराबाईला काय म्हणालीस ते मी ऐकलं होतं, आणि ऐकून शेवट बदलला. आणि त्या भाऊबीजेला दत्तूमामा आला होता. स्टँडपर्यंत. मी त्याला तिथेच सोडून आले.”