बोनेट सोडून सगळं तपासलं

गेल्या बुधवारी सकाळी आमच्या अंगणात माझी जी शोभा झाली, ती सांगायलाच हवी... कारण तिची सुरुवात मी इथेच, तुमच्यासमोर केली होती.

माझी जुनी पेट्रोल गाडी तुम्हाला माहीत आहे. दांडग्या इंजिनाची मसल कार घ्यायची आपली ऐपत नाही, म्हणून पुण्याहून आणलेल्या या सेकंडहँड दोन हजार सीसीवर मी हौस भागवतो. बाबा तिला 'पेट्रोल पिणारी म्हैस' म्हणतात. तीन वर्षांत ते तिच्यात दोनदा बसले असतील, तेही तोंड पाडून.

तर या गाडीला बाहेरचा इनटेक बसवायचं माझ्या डोक्यात शिरलं. म्हणजे कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढायचा आणि त्या जागी उघडा, मोठा फिल्टर लावायचा... हवा जास्त, ताकद जास्त. व्हिडिओवाले तर हॉर्सपॉवर अशी वाटतात, जसा सत्यनारायणाचा प्रसाद.

शाळेपासूनचा मित्र गजू याने वर्षापूर्वी पुण्यातली नोकरी सोडून खामगावला स्वतःचं गॅरेज टाकलंय. त्याने आधीच बजावलं होतं, "आवाज वाढंल भाऊ, ताकदीचं मी काही सांगत नाही." मी कुठला ऐकतोय! शेवटी एका सोमवारी त्याने दिवसभर राबून बसवून दिला.

तुलना मात्र शास्त्रशुद्ध करायची हे माझं ठरलेलं. वडनेर भोलजीच्या पुढे हायवेचा सरळ पट्टा, रविवारची सकाळ, रिकामा रस्ता. तिसऱ्या गिअरमध्ये चाळीस ते शंभर, तीन वेळा, आणि शेजारी बायको स्मिता मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन. जुन्या फिल्टरवर सरासरी आली होती नऊ पूर्णांक एक सेकंद.

इनटेक बसवल्यानंतरच्या रविवारी पुन्हा तोच पट्टा, टायरमध्ये तेवढीच हवा, टाकीत तेवढंच पेट्रोल. वजनही तेवढंच हवं म्हणून मी स्मिताला विचारलं, "तू मागच्या रविवारएवढीच आहेस ना?" त्यानंतर घरी दोन दिवस मला चहा स्वतः करून प्यावा लागला.

आणि सरासरी आली... नऊ पूर्णांक आठ! म्हणजे एवढा खटाटोप करून गाडी आधीपेक्षा हळू. माझं डोकंच फिरलं. गजूला एक फोन करावा एवढंही सुचलं नाही, रस्त्याच्या कडेला उभा राहून मी सरळ पोस्ट ठोकली. गॅरेजच्या नावासकट. 'ज्याला फिल्टर लावता येत नाही त्याने गॅरेज कशाला उघडावं' हे वाक्य माझंच... तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्यावर हसऱ्या इमोजी टाकल्या.

गजूने खाली एक अक्षर लिहिलं नाही. बुधवारी सकाळी तो बाइकवर, टूलची पिशवी घेऊन थेट दारात उभा. चहा नको म्हणाला. "बोनेट उघड" एवढंच.

मी उघडलं. त्या चकचकीत फिल्टरला सुती कापडाच्या दोन घड्या करकचून गुंडाळलेल्या. वर सुतळीची गाठ, आणि त्यावर धुळीचा थर. ते कापड म्हणजे बाबांचा जुना शेला होता... खांद्यावर टाकतात तो.

त्या आठवड्यात आमचं सोयाबीन निघत होतं. थ्रेशर सुरू झालं की कुटाराची, म्हणजे भुशाची, धूळ सगळ्या अंगणभर, आणि गाडी उभी तिथेच. बाबा चाळीस वर्षं मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरला ओलं फडकं बांधत आलेत. मी टायर तपासले, टाकी तपासली, बायकोचं वजन विचारून बसलो... फक्त बोनेट उघडून बघितलं नाही.

तेवढ्यात बाबा खळ्यातून आले. "हात नोको लावू बे त्याले! मळणी उरकू दे आधी." मग गजूकडे वळून म्हणाले, "काऊन रे, एवढी महागाची गाळणी अन् उघडीच ठेवली? शनिवारी संध्याकाळी पुन्हा भिजवून बांधलं मी."

मला वाटलं गजू आता हसेल, नाहीतर भडकेल. तो तिथेच बोनेटला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "काका, तुमचं बरोबर हाये. मी याले कव्हर लावाले पाह्यजे होतं." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चूक नसलेला माणूस चूक कबूल करत होता.

जाताना त्याने सांगितलं, तेही मी विचारलं तेव्हा. माझ्या पोस्टनंतर दोन गिऱ्हाइकांनी ठरलेलं काम रद्द केलं. त्यातला एक गाडी घेऊन अकोल्याला गेला.

आज सकाळी शेला काढून पुन्हा तोच पट्टा धरला. सरासरी नऊ पूर्णांक शून्य. एवढ्या रामायणाची कमाई म्हणजे एक दशांश सेकंद! स्मिताचा अंगठाच त्याहून जास्त पुढेमागे होतो. आवाज मात्र वाढलाय... गजूने सांगितला होता अगदी तेवढाच.

घरी आल्यावर बाबांनी शेला भिजवून परत बांधला, मळणी अजून उरकलेली नाही. तीन वर्षं ज्या गाडीला नावं ठेवली, तिला स्वतःच्या खांद्यावरचं कापड. बाबांवरचा माझा राग तिथेच विरघळला, लाज मात्र तशीच आहे.

जुनी पोस्ट मी डिलीट केली, पण तिचे स्क्रीनशॉट फिरतायत हे मला माहीत आहे. गजू, चूक माझी होती... तू नीट सांगितलं होतंस आणि कामही नीट केलं होतंस. शिव्या चारचौघांत दिल्या, म्हणून माफीही चारचौघांतच मागतोय. आणि ज्यांनी ती पोस्ट पुढे पाठवली, त्यांनी कृपा करून हीसुद्धा त्याच ग्रुपवर पाठवा... अकोल्याला गेलेलं ते गिऱ्हाईक त्यातल्याच एखाद्या ग्रुपवर असणार.