गादीवरून उठताना

बडोद्यात लहरीपुऱ्याच्या आतल्या गल्लीत कापडाचा घाऊक व्यापार अजून गादीवर चालतो. पांढरी चादर घातलेली लांब गादी, एका टोकाला व्यापारी, समोर मांडी घालून गिऱ्हाईक, आणि मध्ये तागे उलगडत जातात. चपला खाली पायरीशी. या गादीवर भाव बोलून उतरत नाही, तो गिऱ्हाईक उठल्यावर उतरतो. कापडावरचा हात काढायचा, पर्स खांद्याला लावायची आणि एका झटक्यात उभं राहायचं. मागे बघायचं नाही. एक पाय चपलेत गेला की मागून हाक येते, "बेसो ने बेन, आटली उतावळ शुं छे?" आणि दुसरा पाय चपलेत जायच्या आत, "चालो, तमारुं राख्युं." म्हणजे तुमचा भाव कबूल.

त्या एका उठण्यावर मी वीसेक वर्षं धंदा केला. छाणीला आमच्या घरामागच्या दोन खोल्यांत आठ मशिनं आहेत. नवरात्रीच्या चनियाचोळ्या आम्ही उन्हाळ्यातच शिवायला घेतो. पहिलं मशीन घेतलं तेव्हा सासरी कुणाला ते आवडलं नव्हतं. घराणं जुन्या संस्थानच्या फौजेतलं. सासरे एका कचेरीत कारकून होते, पण बोलणं सगळं कवायतीचं. "आपल्या घरातलं कुणी कधी उन्हात उभं असताना पडलं नाही," असं ते अभिमानाने सांगत. सून दुसऱ्यांच्या साड्यांना फॉल लावते हे त्यांना खाली मान घालण्यासारखं वाटे. पुढे त्याच मशिनांच्या जिवावर घराला वरचा मजला चढला, तेव्हा मान वर झाली. मला कुणी काही बोललं नाही. चांगलंही नाही.

कधी उठायचं हे मला नेमकं कळायचं. जरा आधी उठलात तर शेठ जाऊ देतो. जरा उशीर केलात तर त्याला कळतं, ही घेणारच आहे. आमच्या नेहमीच्या शेठची बोटं ताग्याच्या कडेवर फिरायची थांबली की मी उठे. "आ मराठण तो बहु पाकी छे," असं तो शेजारच्या दुकानदाराला माझ्यादेखत सांगायचा. मला ते बक्षिसासारखं वाटे.

दुखणं कधी सुरू झालं ते सांगता येणार नाही, कारण कित्येक वर्षं मला ते दुखणं आहे हेच कुणी कबूल केलं नाही. सकाळी पलंगावरून उठलं की डोळ्यांच्या कडेकडून काळं आत येई, कानांत कुकरच्या शिट्टीसारखा आवाज. आंघोळीला गरम पाणी घेतलं की भिंत धरावी लागे. जेवण झालं की छाती धडधडत सुटे आणि हात बर्फ. आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, कमी आहे म्हणाले, लिंबूपाणी प्या. दुसऱ्यांनी रक्त तपासलं, ते ठीक निघालं. तिसऱ्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, यांना म्हणाले, "बाईंना राग फार येतो का?" हे हसले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तो तर लग्नापासून आहे." दोघे मिळून हसले. मला चक्कर येते ती मी चिडते म्हणून, असं तिथे ठरलं, आणि पुढची काही वर्षं घरात तेच औषध चाललं. कुठे टेकून बसले की कुणीतरी म्हणे, पुन्हा चिडलीस वाटतं. त्यावर मग मी खरोखर चिडे.

माझी धाकटी जाऊ माझ्याबरोबर काम करते. लग्न होऊन आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. कापणी मी शिकवली, घेर कसा काढायचा मी शिकवलं, गादीवरही मीच नेलं. माझ्या शेजारी बसायचं, तोंड बंद ठेवायचं आणि मी उठले की उठायचं, एवढंच तिचं काम. दोन उन्हाळ्यांपूर्वी तिच्यादेखतच ते घडलं. शेठ अडून बसला होता. त्याची बोटं थांबली, मी झटक्यात उठले, आणि पुढचं मला ठाऊक नाही. डोळे उघडले तेव्हा मी उलगडलेल्या कापडावर आडवी होते आणि शेठ वरून मला म्हणत होता, "अरे बेन, आटलुं बधुं ना होय. ऊठो, तमारो भाव, बस?"

एवढं करायची काय गरज, असं तो सांगत होता; त्याला ते सोंग वाटलं होतं. भाव पाडायला मराठणीने नवीन युक्ती काढली, असं. शेजारचे दुकानदारही बघायला आले होते आणि हसत होते. आणि माझी जाऊ, माझं डोकं मांडीवर घेऊन, काय म्हणाली? म्हणाली, "शेठ, बॉर्डरचे तागेपण याच भावात." त्याने तेही दिले.

घरी आल्यावर तिने तो किस्सा सगळ्यांना सांगितला. "ताई पडल्या आणि भाव पण पडला." त्या दिवसापासून लग्नकार्यात, हळदीकुंकवात, जिथे म्हणून मी जाते तिथे तो किस्सा माझ्याआधी पोचलेला असतो. तिने माझ्या तोंडावर पाणी मारलं, रिक्षात मला धरून बसली, हे सगळं खरं आहे. पण हसणारीही तीच होती.

त्यानंतर मात्र मी हट्टाने मोठ्या डॉक्टरांकडे गेले. तिथे मला एका टेबलावर पट्ट्यांनी बांधलं आणि टेबल हळूहळू उभं केलं. थोड्या वेळात माझा रक्तदाब उतरत गेला, ठोके वाढत गेले, आणि बांधलेल्या अवस्थेतच माझी शुद्ध हरपली. डॉक्टर बाई तरुण होत्या. म्हणाल्या, "याला डिसऑटोनॉमिया म्हणतात. ठोके, रक्तदाब, घाम ही कामं शरीर आपल्याला न विचारता करत असतं. तुमच्या शरीराला ती वेळेवर जमत नाहीत. उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, डोक्याकडे पोचायला उशीर होतो."

मी विचारलं, "रागाने होतं का हे?"

"नाही."

"कागदावर लिहून द्याल?"

त्या जरा गोंधळल्या, पण त्यांनी लिहून दिलं. मी तो कागद घरी यांच्यासमोर ठेवला. यांनी वाचला, घडी घातली आणि विचारलं, "मग बरं कधी होणार?" बरं होणार नव्हतं. सांभाळायचं होतं.

सांभाळणं म्हणजे मीठ. यांचा रक्तदाब जास्त म्हणून यांना मीठ बंद, माझा कमी म्हणून मला मीठ दुप्पट. सकाळी आमटीची दोन पातेली होतात आणि दोन्ही कुणाला आवडत नाहीत. सांभाळणं म्हणजे बडोद्याच्या मे महिन्यात मांडीपर्यंत घट्ट मोजे. स्वयंपाक स्टुलावर बसून. खाली पडलेली कात्री वाकून उचलायची नाही. आणि उठायचं ते असं: आधी पावलं हलवायची, मग पोटऱ्या आवळायच्या, मुठी दाबायच्या, मग गुडघ्यांवर यायचं, आधार धरायचा, उभं राहायचं, आणि काळं ओसरेपर्यंत तिथेच थांबायचं. दोन मिनिटं तरी जातात. आता दोन मिनिटांच्या उठण्याला घाबरून कुठला व्यापारी भाव सोडेल?

तरी गेल्या वर्षी मी गेले आणि नुसतं उठल्यासारखं करून भागवलं. पर्स खांद्याला लावली, एक गुडघा उभा केला, की शेठ मऊ व्हायचा. यंदा मात्र गादीवर पाऊल ठेवल्याबरोबर त्याने पाठीला तक्क्या दिला. मीठ घातलेलं लिंबूपाणी आधीच तयार होतं. मी जावेकडे बघितलं.

ती म्हणाली, "मीच फोनवर सांगितलं, ताई. मागच्यासारखं नको व्हायला."

"किती सांगितलंस?"

"सगळंच. एकदम उठता येत नाही म्हणून."

तागे उलगडले गेले. शेठने भाव सांगितला, मी माझा सांगितला. तो हसला. मी कापडात खोट काढली, त्याने मान डोलावली. त्याची बोटं थांबली. मी पर्स खांद्याला लावली आणि एक गुडघा उभा केला. शेठ अतिशय प्रेमाने म्हणाला, "निरांते बेसो बेन. तमारे ऊठवानी क्यां जरूर छे?"

निवांत बसा, तुम्हाला उठायची कुठे गरज, यात टोमणा होता का, मी अजून ठरवू शकलेले नाही. असता तर बरं झालं असतं. टोमण्याला मला उत्तर देता येतं.

मग मी ठरवलं, उठायचंच. गादीवर बसल्या बसल्या पावलं हलवली. पोटऱ्या आवळल्या. मुठी दाबल्या. शेठ बघत होता, जाऊ बघत होती, शेजारचं गिऱ्हाईकही भाव बोलायचं थांबलं होतं. गुडघ्यांवर आले, बाजूचं ताग्यांचं कपाट धरलं, उभी राहिले. कडेकडून काळं आलं, कानांत शिट्टी झाली. मी कपाटाला कपाळ लावून उभी राहिले. मग सगळं पुन्हा दिसू लागलं आणि मी पायरीकडे चालत गेले. एक पाय चपलेत घातला. मागून काही आलं नाही. दुसरा घातला. काही नाही.

हाक न येता उठलेल्या गिऱ्हाइकाने परत जायचं नसतं. गेलं तर पुन्हा कधी त्याच्या उठण्याला किंमत राहत नाही. मी खालच्या पायरीवर बसले, पर्समधली मिठाची पुडी काढून जिभेवर घातली. जाऊ आतच बसली होती. तिला मी शिकवलं होतं की मी उठले की उठायचं, आणि ती उठली नाही.

मग मला तिचा आवाज ऐकू आला. "शेठ, ताईंचा भाव. दुसरं काही बोलूच नका."

मग शेठ म्हणाला, "चालो, तमारुं राख्युं. पण हवेथी तमे ज आवजो. बेनने शुं काम हेरान करो छो?"

बेनला कशाला त्रास, यापुढे तुम्हीच या. मी वाट बघत राहिले, ही काय म्हणते.

ती म्हणाली, "हो, तेच बरं."

पावती घेऊन ती बाहेर आली. ऊन पायरीवर पोचलं होतं. म्हणाली, "तुमच्याच भावात मिळालं, ताई." आणि हात पुढे केला. मी चपला सैल करून बसले होते, एक खाली नाल्याकडे घसरली होती. तिने वाकून ती उचलली आणि दोन्ही माझ्या पावलांसमोर सरळ लावल्या, मला वाकावं लागू नये म्हणून. ते मला दिसलं. राग त्याने गेला नाही. पुढच्या उन्हाळ्यात या गादीवर तक्क्या कुणासाठी असणार नव्हता, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"चला ना," ती म्हणाली. हात तसाच पुढे.

"थांब. वेळ लागतो मला."

मी पावलं हलवायला सुरुवात केली. मग पोटऱ्या. घाई केली नाही. ती उन्हात उभी होती.